कुलसंमेलनाचें स्थळ

मोठ्या कुटुंबांतील माणसें एकमेकांस सहज भेटतात, ही गोष्ट आमच्या लहानपणीं खरी होती. तेव्हां लग्न-मुंजी हींच संमेलनें असत. मांडव आठ आठ दिवस उभा राही. ओसरीवर सतरंज्या पसरून पंचवीस पोरें एका रांगेंत निजत, आणि कोण कोणाचा आतेभाऊ व कोण कोणाची मावसबहीण, हें कोणासहि शिकवावें लागत नसे. आतां कार्यालय सकाळीं ताब्यांत येतें व सायंकाळीं रिकामें करून द्यावें लागतें. अक्षता पडल्या, पंगत उठली, कीं जो तो घड्याळाकडे पाहूं लागतो. सख्ख्या चुलत भावंडांचीं मुलें एकाच पंक्तीस बसून जेवतात, आणि परस्परांस न ओळखतां घरोघर जातात.

आमचें कूळ मूळचें कोंकणांतलें. पोटापाण्याच्या निमित्तानें एकेक घर घाट चढून वर आलें, आणि आज पुणें, सांगली, नागपूर, इंदूर, बडोदें अशीं आमचीं ठाणीं झालीं आहेत. दोन-तीन घरें तर समुद्रापलीकडे गेलीं आहेत. २०२३ च्या गणेशोत्सवांत कांहीं मंडळी जमली असतां, पणजोबांच्या सर्व वंशजांनीं एकदां दोन दिवस एका छपराखालीं राहावें असें ठरलें. मोजदाद केली, तों आंकडा सव्वाशेंच्या घरांत गेला. सेवानिवृत्त शाळामास्तरास दुसरा उद्योग तो काय असणार, अशा विचारानें स्थळ शोधण्याचें काम आमच्याकडे आलें. हें काम सोपें आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं तें एकवार अंगावर घेऊन पाहावें.

सूचनांस तोटा नव्हता. वडील मंडळी म्हणे, गुहागरास जावें. तेथें आमचें कुलदैवत श्रीव्याडेश्वर आहे. तर मग कुलस्वामिनीनें काय केलें, असें विचारून दुसऱ्यांनीं अंबेजोगाईच्या योगेश्वरीचें नांव पुढें केलें. सुनांनीं गणपतिपुळें सुचविलें. तेथें देवहि आहे आणि समुद्रहि. तरुणांस महाबळेश्वरावांचून दुसरें कांहीं दिसत नव्हतें. सूचना कोणतीच वाईट नव्हती. परंतु नकाशा पुढें घेतला म्हणजे मतांचा आवाज आपोआप खालीं येतो. गुहागरास जावयाचें तर इंदूर-नागपूरकरांनीं आधीं पुण्यामुंबईपर्यंत यावें, मग चिपळूण गांठावें, आणि तेथून पुन्हां सुमारें ४५ किलोमीटर मोटारीनें जावें. दोन दिवसांच्या भेटीसाठीं चार दिवसांचा प्रवास! अंबेजोगाई बीड जिल्ह्यांत. ती नागपूरकरांस बरी, तर सांगलीकरांस व कोंकणांत राहिलेल्यांस दूर.

अखेर आम्हीं महाबळेश्वर पसंत केलें. थंड हवा, प्रशस्त खोल्या, कसलीच यातायात नाहीं, असें एक उपाहारगृहासह निवासस्थान पाहिलें. दोन दिवसांचा आकार माणशीं साडेचार हजार रुपये. तसें पत्रक काढून आम्हीं घरोघर धाडलें, आणि आपण मोठी कामगिरी केली अशा समाधानांत राहिलों. आठ दिवसांत बहुतेकांचे होकार आले. आमच्या एका चुलत बंधूंचें मात्र दोन ओळींचें उत्तर आलें : "सवड नाहीं. क्षमा असावी." हे बंधु एका लहानशा गांवीं पौरोहित्य करतात. घरीं वृद्ध आई, पत्नी व तीन मुलें. आम्हांस वाईट वाटलें, थोडा रागहि आला. आयुष्यांत एकदां सर्वांनीं जमावयाचें, आणि ह्यांस दोन दिवसांची सवड नाहीं!

आमच्या आत्याबाईंचें वय तेव्हां ८८ होतें. डोळ्यांस अगदीं अंधुक दिसे, गुडघे चालत नसत. परंतु कान व बुद्धि दोन्हीं शाबूत. त्यांस आम्हीं तें उत्तर वाचून दाखविलें आणि आपला राग बोलून दाखविला. त्या कांहीं वेळ वातीचा कापूस हातांत तसाच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "बाळ, ज्याला सवड नसते तो कारण सांगतो. ज्याच्यापाशीं पैसे नसतात, तो सवड नाहीं म्हणतो."

आम्हीं छत्तीस वर्षें मुलांस त्रैराशिक शिकविलें. पण साडेचार हजार गुणिलें सहा, हा सोपा गुणाकार करून पाहण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. सत्तावीस हजार! ज्या घरांत दक्षिणेच्या पैशांवर तीन मुलांच्या शाळा चालतात, त्या घरास आम्हीं आपल्या हातानें दाराबाहेर उभें केलें होतें. आणि वर, तो आंत येत नाहीं म्हणून रागावलों होतों. त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं पाटी कोरी केली. संस्कृतांत 'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणें ह्या धातूपासून आला आहे. तीर्थ म्हणजे मुळांत नदीचा उतार, जेथून पलीकडे जातां येतें ती जागा. आणि उताराची परीक्षा पट्टीच्या पोहणाऱ्यावरून होत नसते. तो कोठूनहि पार होतो. कडेवरचें मूल, काठी टेकणारा वृद्ध आणि डोईवर बोजा असलेली बाई जेथून पार होते, तो खरा उतार. कुलसंमेलनाच्या स्थळास हीच कसोटी लावावी असें आमच्या मनानें घेतलें. आम्हीं वहींत तीन प्रश्न लिहिले. सर्वांत अशक्त माणूस तेथें पोंचेल काय? सर्वांत हलका खिसा तेथें हलका वाटणार नाहीं ना? आणि दोन दिवस सर्वांनीं मिळून पाहावें, बोलावें, असें तेथें कांहीं आहे काय?

ह्या तीन प्रश्नांचें उत्तर महाबळेश्वराच्या पायथ्याशींच सांपडलें. तें म्हणजे वाई.

वाईस आगगाडी नाहीं. पूर्वीं लोक वाठार स्टेशनावर उतरून येत. परंतु पुण्याहून सुमारें ९० किलोमीटर मोटारीचा रस्ता, सुरूर फाट्यापर्यंत राजमार्गच. सांगलीकडील मंडळीस कऱ्हाड-साताऱ्यावरून सरळ येतां येतें. कोंकणांतून पोलादपुराकडून घाट चढून महाबळेश्वर-पांचगणीवरून, पसरणीच्या घाटानें खालीं उतरतां येतें. शिवाय राज्य परिवहनाची गाडी थेट गांवांत येते, आणि ही गोष्ट लहान नव्हे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांस राज्यांतील प्रवास ह्या गाड्यांतून विनामूल्य झाला आहे, आणि २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस निम्मेंच भाडें पडतें. आम्हीं बंधूंच्या घराचा प्रवासखर्च पुन्हां मांडून पाहिला, तेव्हां तो पहिल्यानें माणसासारखा दिसूं लागला.

राहण्यासाठीं एक मंगल कार्यालय घेतलें. पौषांत सामान्यतः लग्नें लागत नाहींत, म्हणून कार्यालयें मोकळीं असतात व भाडेंहि बेताचें पडतें. तेव्हां २०२४ च्या संक्रांतीनंतरचा शनिवार-रविवार ठरविला. शाळांच्या परीक्षाहि तेव्हां दूर होत्या. माणशीं आकार अजीबात काढून टाकला. कुलूप घातलेली एक पेटी दाराशीं ठेवली, आणि प्रत्येक घरानें नांव न लिहितां बंद पाकीट तींत टाकावें असें कळविलें. बंधूंस आम्हीं पत्रक न धाडतां स्वतः दूरध्वनि केला. महाबळेश्वराचा विषयच काढला नाहीं. "कृष्णेच्या घाटावर कुलाचा संकल्प सांगावयाचा आहे, तो तूंच सांगावास," एवढेंच म्हटलें. पलीकडे क्षणभर कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ते म्हणाले, "येतों, दादा. आईलाहि आणतों."

वाई ज्यांनीं पाहिली नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. गांव कृष्णेच्या कांठीं वसलेलें. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड अशा सात आळ्यांचे सात घाट. प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव दरवर्षीं वेगळा होतो. नदीस जेथें आई मानून तिची पालखी निघते, तें गांव पंगतीस सरावलेलें असणारच. गणपति घाटावर ढोल्या गणपतीचें मंदिर आहे. तें गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनीं १७६२ सालीं बांधविलें. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई ह्याच रास्त्यांच्या घरांतल्या. मूर्ति भव्य आहेच; पण मुलांस आम्हीं मंदिराच्या मागें नेलें. तेथील भिंत माशाच्या आकाराची, टोंकदार बांधलेली आहे. पुराचें पाणी तीवर आदळून दुभंगतें व दोन्हीं अंगांनीं निघून जातें. भिंत पाण्याशीं झगडत नाहीं, त्यास वाट देते, म्हणून अडीचशें वर्षांवर उभी आहे. भाऊबंदकीनें ज्यांचीं घरें दुभंगलीं, अशांनींहि ती भिंत क्षणभर पाहावी.

दुपारीं मेणवलीस गेलों. तेथें नाना फडणविसांचा वाडा व घाट आहे. घाटावरची मोठी घंटा चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकली तेव्हांच्या लुटींतली. इंदूर-बडोद्याच्या पोरांस हा इतिहास नवा होता. मात्र २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटांत हाच घाट दिसतो, हें त्यांनींच आम्हांस शिकविलें. परत येतांना आम्हीं प्राज्ञपाठशाळेची हकीकत सांगितली. तेथें नारायणशास्त्री मराठे ह्यांच्यापाशीं विनोबांनीं १९१७ च्या सुमारास वेदान्ताचें अध्ययन केलें. धर्मकोशाचें प्रचंड काम तेथेंच उभें राहिलें. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांनीं मराठी विश्वकोश ह्याच गांवांतून संपादिला, त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. नदी, देव, इतिहास आणि विद्या एवढ्याशा परिघांत असलीं, म्हणजे सव्वाशें माणसांस रमविण्यासाठीं निराळा कार्यक्रम आखावा लागत नाहीं.

सर्व यथासांग झालें असें मात्र नव्हे. पांघरुणें कमी पडलीं. खुर्चीसारखा बसावयाचा शौचकूप कार्यालयांत एकच निघाला, आणि गुडघे दुखणारीं माणसें पंधरा. पहांटे तेथें लागलेली रांग आम्हीं विसरणार नाहीं. स्थळ पाहावयास जाल तेव्हां दिवाणखान्याआधीं हें पाहावें, अशी आमची सर्व वाचकांस विनंति आहे. आम्हीं देवळें मोजलीं, आणि हें मोजावयाचें राहिलें.

रविवारीं सकाळीं नातवांनीं आत्याबाईंस खुर्चीसह उचलून घाटाच्या पायऱ्या उतरविल्या. आमच्या बंधूंनीं धूतवस्त्र नेसून संकल्प सांगितला. पणजोबांपासूनचीं नांवें त्यांस तोंडपाठ होतीं, तीं ऐकतांना परदेशांतून आलेलीं मुलेंहि स्तब्ध उभीं होतीं. नंतर आत्याबाईंनीं हट्ट धरला, कीं आपणांस दिसत नाहीं, तर प्रत्येकानें जवळ येऊन आपलें व बापाचें नांव सांगावें. एकेक जण वांकला, नांव सांगून तिळगूळ घेऊन गेला. त्या बोटांच्या पेरांवर मोजीत होत्या. बंधूंची वृद्ध आई सर्वांत शेवटीं आली, तेव्हां आत्याबाईंनीं तिचा हात बराच वेळ सोडला नाहीं. मग आमच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "एकशें सतरा. आतां झालें संमेलन."

सायंकाळीं पेटी उघडली. कोणत्या पाकिटांत किती होतें हें कोणासहि कळलें नाहीं. खर्च भागून थोडी शिल्लक राहिली. पुढील संमेलनाचें स्थळ बंधूंनींच निवडावें असें सर्वानुमतें ठरलें. कोणी गुहागर म्हणालें, कोणी पुन्हां महाबळेश्वर. बंधु विचारांत पडले, आणि त्यांनीं पहिलाच प्रश्न केला : "तेथें आत्याला झेपेल ना?"

आम्हीं वहींतील तीन प्रश्न त्यांस दाखविले नव्हते. दाखविण्याची गरजहि उरली नाहीं.