मोठ्या पानाचं झाड

मोठ्या पानाचं झाड बागेत एकटं उभं करावं. चार झाडांच्या दाटीत त्याची ऐट कळत नाही. पूर्व हिमालयातल्या ऱ्होडोडेंड्रॉनची पानं हेच सांगतात. सिक्कीमकडच्या फाल्कोनरी जातीचं पान फूटभर लांब, वरून गर्द हिरवं आणि सुरकुतलेलं, खालून तांबूस लवेचं. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ ते १८५० या काळात तिथे हिंडला आणि त्याच्यामुळे अशा जाती ब्रिटनच्या ओलसर पश्चिम किनाऱ्यावरच्या बागांत पोहोचल्या.

आमच्या नागपूरच्या हुडकेश्वरात ते झाड लावण्याचा हट्ट मी धरत नाही. त्याला आम्ल माती हवी; आपली काळी माती चुनखडीची. अशा मातीत लोह असूनही त्याच्या मुळांना घेता येत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कुंडीतली माती बदलता येईल, पण मे महिन्यातली ४५ अंशांची कोरडी हवा कशी बदलणार? पान जेवढं मोठं, तेवढं पाणी जास्त उडतं. मुळं पुरी पडली नाहीत की कडा करपतात.

म्हणून मी मुचकुंद लावतो. त्याचंही पान फूटभराचं, खालून पांढुरक्या लवेचं. वारा आला की सगळं झाड रंग पालटतं. लांब कळ्या रात्री उमलतात आणि त्यांचा वास फूल सुकल्यावरही टिकतो.

मृगाचा पाऊस स्थिरावला की रोप उंचवट्यावर लावावं, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. मातीत शेणखत आणि थोडा मुरूम मिसळावा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. म्हणून आळ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर हवाच. रोप लहान असेतो पश्चिमेला हिरवी जाळी बांधावी. पाणी सकाळी, खोलवर मुरेल असं द्यावं. एकच शेंडा वाढू द्यावा. तरण्या झाडाचीच पानं सर्वांत मोठी असतात.

हे झाड पुढे पन्नास फुटांवर जातं. भिंतीलगत लावून दर वर्षी छाटत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आमच्या भागात नवी घरं उभी राहत आहेत. नकाशात बोअर आणि गाडीची जागा आखतानाच या झाडाचीही जागा आखावी. जागा नसेल तर मोठ्या कुंडीत, सावलीत अळू लावावं. मोठ्या पानाची हौस तिथेही मनापासून फिटते.