केळझरच्या बकासुराला किती हिट पॉइंट?

प्रिय चिऊ,

पहिल्याच लढाईत चार गॉब्लिन ठेवू नकोस. बाकीचं पत्र वाचायला वेळ नसेल, तर एवढं ऐकलंस तरी मामाचं काम झालं. पण ‘काहून?’ विचारल्याशिवाय तू काही ऐकणारी नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या, म्हणजे डी अँड डीच्या, पाचव्या आवृत्तीची नवशिक्यांसाठीची पेटी २०१४ मध्ये निघाली. तिच्यातल्या ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ची सुरुवातच अशी आहे: रस्त्यात दोन मेलेले घोडे, बाजूला झुडपं आणि झुडपांत लपलेले चार गॉब्लिन. तू तेच उचललंस. साहजिक आहे, पेटीच नवशिक्यांची! आता त्याच कंपनीच्या, डीएमसाठीच्या (म्हणजे तुझ्यासारख्या खेळ चालवणाऱ्यासाठीच्या) पुस्तकातलं गणित त्या चौघांना लाव. एका गॉब्लिनचे अनुभवाचे ५० गुण, चौघांचे २००. शत्रू तीन ते सहा असले की आकडा दुप्पट धरायचा, म्हणजे ४००. आणि पहिल्या लेव्हलच्या खेळाडूसाठी ‘प्राणघातक’ लढाईची रेषा माणशी १००. तुझ्या चौघी मैत्रिणींचे ४००. नवशिक्यांच्या पेटीतली पहिली लढाई त्यांच्याच हिशेबाने प्राणघातक ठरते. लिहिणाऱ्यांनाही त्याची कुणकुण असावी, कारण खेळाडू हरलेच तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध टाकून, लुटून निघून जातात, अशी सोय त्यांनीच करून ठेवली आहे.

टेबलावर हे कसं दिसतं ते सांगतो. तुमची जादूगारीण घे. अंगावर कवच नाही, आर्मर क्लास १२, हिट पॉइंट ८. गॉब्लिन वीस बाजूंच्या फाशात ४ मिळवतो, म्हणजे ८ किंवा वर पडलं की लागलं. शंभरातून ६५ वेळा. एका घावाला सरासरी साडेपाच. चौघांनी तिच्यावरच नेम धरला तर अडीचेक घाव बसतात, चौदाच्या आसपास हिट पॉइंट जातात, आणि तिच्याकडे आहेत आठ. तिची पाळी यायच्या आतच ती जमिनीवर. उलट तुमची तलवारवाली बघ. तिला १० किंवा वर पाडायला हवेत, आणि वार लागला तरी गॉब्लिनचे सातही हिट पॉइंट एकदम जातीलच असं नाही. सगळा हिशेब केला तर तिच्या साधारण दोन-तीन वारांमागे एक गॉब्लिन मरतो. म्हणून मी ताकदीच्या आधी पाळ्या मोजतो. एका फेरीत त्यांना किती वेळा हात उगारायला मिळतो आणि तुमच्या मुलींना किती वेळा, हे पाहिलं की अर्धी लढाई आधीच दिसते.

२०२४ च्या नव्या नियमांत तो दुपटीचा गुणाकार काढून टाकला आहे. मोजायला सोपं झालं, पण नव्या खेळाडूंसमोर घोळका सोडायचा असेल तर मी अजून जुनाच हिशेब धरतो. या पत्रातले सगळे आकडे २०१४ चे आहेत.

गणित आलं की तू नाक मुरडतेस, मला माहीत आहे. पण फाशांचं गणित आपल्याच वाटेवरचं आहे, बापा. नल फाशांवर राज्य हरला, दमयंतीपासून तुटला, आणि ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन अयोध्येहून विदर्भाकडे निघाला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या एका झाडावरची पानं-फळं किती ते नुसत्या नजरेने सांगितलं. नलाने रथ थांबवून मोजली, तर आकडा बरोबर. तिथेच त्याने राजाकडून फाशांची विद्या घेतली आणि पुढे तिच्याच जोरावर राज्य परत जिंकलं. ते जात होते त्या कुंडिनपुराला, म्हणजे लोक मानतात त्याप्रमाणे आपल्या आर्वीच्या पल्याड, वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरला. तर तू बेहड्याची फळं घरी मोजून ये. मैत्रिणींसमोर वहीत डोकं घालून बसायची वेळ येऊ देऊ नकोस.

आता गॉब्लिनच्या जागी कोण? घोडे, झुडपं, गॉब्लिन यातलं काही तुझ्या मैत्रिणींनी पाहिलेलं नाही. गॉब्लिन केवढा, किती घाबरट, पळतो की चावतो, हे त्यांना कुठून कळणार? कोल्हा कळतो. रानडुक्कर तर चांगलंच कळतं. तुमच्यातल्या दोघींच्या घरचे पऱ्हाटीत नि तुरीत जागलीला जातातच की. नवख्या खेळाडूला नियम येत नसतात, पण जनावर ओळखीचं असेल तर काय करावं याचा अंदाज असतो. तो अंदाज त्यांच्या हातात असू दे.

म्हणून माझं म्हणणं, केळझरला चल. टेकडीवरच्या गणपतीला तुम्ही किती वेळा गेला असाल. तेच महाभारतातलं एकचक्रानगर आणि भीमाने बकासुराला मारलं ते तिथेच, असं आपले लोक सांगतात. एरंडोलकरही तेच सांगतात. त्यांच्याशी भांडायला मी तुला पाठवत नाही. आपल्या कामाची आहे ती गोष्टीची रचना. बकासुर कुठे राहतो, काय खातो, कधी खातो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. घराघरावर पाळी ठरलेली. झुडपातून अचानक उडी मारणारा तो नव्हेच. कुंतीने भीमाला पाठवलं ते सगळं ऐकून, तोलून. नव्या खेळाडूंना अशी लढाई द्यावी. अवघड खुशाल असो, पण कशाशी गाठ आहे ते आधी कळलेलं असावं. झुडपातले गॉब्लिन त्यांना विचार करायला जागाच देत नाहीत. माझी खरी तक्रार ती आहे, आकडा नंतरचा.

आणि ज्या घरावर पाळी आली होती, त्या घरातलं ते पोर आठवतं का? आई म्हणते मी जाते, बाप म्हणतो मी, बहीण म्हणते मी, तर सगळ्यांत धाकटा बोबड्या बोलीत, हातात गवताची काडी घेऊन म्हणतो, हिनेच मी राक्षसाला मारतो. नवा खेळाडू हाच असतो. तुझी एखादी मैत्रीण नक्की म्हणेल, मी बकासुराच्या नाकात मिरचीची पूड फुंकते. नियमात असं नाही, असं म्हणून मोकळी होऊ नकोस. फासा टाकायला लाव. जमलं तर त्याच्या पुढच्या वाराला दोन फासे टाकून लहान आकडा धर. नियमात त्याला डिसअॅडव्हांटेज म्हणतात आणि तो अशाच कामासाठी ठेवलेला आहे.

डी अँड डीच्या गोष्टी बहुतेकदा दारूच्या गुत्त्यात सुरू होतात. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा तुझी टपरीवर सुरू कर. पहिली चकमक पाच कोल्ह्यांची. गावाबाहेर मेलेलं वासरू पडलंय आणि त्यावर कोल्हे. प्रत्येकी १० गुण, पाचांचे ५०, दुप्पट करून १००. चौघींसाठी ‘सोपी’ची रेषाही बरोब्बर १००. कोल्ह्याला तीन हिट पॉइंट, चावला तर एखाद-दोन जातात. इथे कुणी मरणार नाही. वीस बाजूंचा फासा कुठला, त्यात काय मिळवायचं, पाळी कुणाची, एवढंच शिकायचं आहे. दोन कोल्हे पडले की बाकीचे पळवून लाव. त्यांना वासरू हवं होतं, जीव द्यायचा नव्हता. तिकडे बोरच्या जंगलातला वाघसुद्धा जखमी व्हायच्या आधी मागे सरतो, मग कोल्ह्याने कशाला शेवटपर्यंत लढावं?

मग दोन रानडुकरं. यांच्यावर मी जास्त वेळ घालवीन, कारण इथे मुली पहिल्यांदा जागेचा विचार करतात. रानडुक्कर सरळ रेषेत वीस फूट धावत आलं तरच त्याची धडक जोराची बसते आणि माणूस आडवा होऊ शकतो. मध्ये बांध असला, निंबाचं झाड असलं, की ती धडक गेलीच. तू कागदावर बांध काढ, झाड काढ, आणि पहिली धडक गावच्या एखाद्या गड्याला बसू दे, म्हणजे त्यांना दिसेल. पुढे काही सांगू नकोस. कुणीतरी झाडामागे जाईलच आणि ज्या क्षणी जाईल, त्या क्षणी तिला खेळ आला असं समज. रानडुकराची दुसरी खोड अशी की मरायला टेकलेलं असताना सात किंवा कमी मार बसला तर ते एकदा एका हिट पॉइंटवर तग धरतं. त्यांनी ‘मेलं!’ म्हणून टाळी द्यावी आणि ते उठावं. ओरडतील बघ. दोघांचे १०० गुण, दीडपट करून १५०. चौघींसाठी ही अजून सोपीच. यानंतर अनुभवाचे गुण मोजत बसू नकोस, सरळ दुसरी लेव्हल दे.

ती दिल्याशिवाय बकासुर आणायचा नाही, हे मात्र पक्कं. बकासुर म्हणून पुस्तकातला ओगर घे: ५९ हिट पॉइंट, सोट्याचा एक घाव सरासरी १३. त्याचे गुण ४५०. पहिल्या लेव्हलच्या चौघींना तो प्राणघातकच्याही वर जातो. एका घावात कुणीही झोपेल. त्याच चौघी दुसऱ्या लेव्हलला गेल्या की मध्यमची रेषा ४००, कठीणची ६००, आणि हाच राक्षस मध्ये बसतो. त्याला एका फेरीत एकच वार, तुम्हाला चार. तीन-चार फेऱ्यांत आटोपेल. पण एक धोका आहे. तो एका पाळीत ४० फूट धावतो आणि माणूस ३०. म्हणजे ‘पळा’ म्हटलं तरी पळता येत नाही. नव्या खेळाडूंना पळायचं सुचतही नाही, हे वेगळंच. आपण हरायला लागलो तर डीएम बघून घेईल असं त्यांना वाटत असतं. तेव्हा सुटकेची वाट तूच ठेव आणि लढाईच्या आधी गावच्या म्हातारीच्या तोंडून सांगून टाक: अन्नाने भरलेला गाडा समोर असला की त्याचं दुसरीकडे लक्ष नसतं. भीमानेही त्याच्यासमोर बसून त्याचंच अन्न खाल्लं आणि पाठीत गुद्दे बसत असताना घास सोडला नाही. तुझ्या मुली गाडा सोडून पळाल्या तर जिवानिशी सुटतील. गाड्यात भलतंच काही कालवून नेलं तर त्याहून मजा.

सेवाग्राम एवढं जवळ असताना मारामारीचा खेळ, असं तुझे आजोबा म्हणतीलच. त्यांना सांग की जवळून केलेल्या वाराने शत्रूला मारायचं की नुसतं बेशुद्ध करायचं, हे नियमातच खेळाडूवर सोडलेलं आहे. तेवढ्याने त्यांचं समाधान होणार नाही, पण वाद जेवणापर्यंत पुरेल.

पडद्याआड फासे बदलायचे का, असं तू विचारलंस. अनेक चांगले डीएम बदलतात. मला ते पटत नाही. तू एकदा मैत्रिणीला वाचवायला आकडा बदललास की पुढचा प्रत्येक विजय तूच दिलेला असतो, आणि नवख्या माणसाला ते आपल्याला वाटतं त्याहून लवकर कळतं. शकुनीची कीर्ती आपल्याकडे काही चांगली नाही. फासे सगळ्यांसमोर टाक. वाचवायचंच असेल तर राक्षसाचं मन बदल: त्याचं लक्ष रेड्यांकडे जाऊ दे, बेशुद्ध पडलेलीला तो सोडून देऊ दे, किंवा खाण्यासाठी ओढून न्यायला लागू दे. ओढून नेतोय म्हटल्यावर बाकीच्या तिघी कशा उठतात बघ.

आणि मरणाची फार धास्ती घेऊ नकोस. हिट पॉइंट शून्यावर आले म्हणजे मेली असं नाही. पुढे दर पाळीला फासा, १० किंवा वर पडलं तर तिच्या बाजूने, तीनदा तसं झालं की जीव थिरावला. त्याहून वाईट आहे ती रिकामी बसलेली मैत्रीण. पहिल्या फेरीत पडलेली मुलगी उरलेला अर्धा तास मोबाइल काढते आणि पुढच्या रविवारी तिला नेमका क्लास असतो. लढाई जुळली की नाही हे मी तिच्यावरूनच ओळखतो. कुणी पडलीच तर लगेच तिच्या हाती गाडीवाला दे किंवा रेडे दे. रेड्याला शिंगं असतात, आणि इथे त्यांच्या दोन जोड्या आहेत!

चौथी मैत्रीण येणार की नाही ते नक्की कर. तिघीच आल्या तर तीच दोन रानडुकरं सोपीवरून मध्यम होतात. ती चालतील, राहू दे. बकासुर मात्र बरोब्बर कठीणच्या रेषेवर येतो. त्याला ५९ ऐवजी ४५ हिट पॉइंट दे आणि हे त्यांना सांगू नकोस. खेळाआधी घरी ठरवलेल्या आकड्याला मी लबाडी म्हणत नाही. तू म्हणत असशील तर फोन कर, भांडू. गोरसपाकाचा पुडा उघडून ठेवशील तर फाशांपासून लांब ठेव, चुऱ्याने फासे चिकट होतात.

तुझा,
मामा