नाकारलेली किल्ली

आपल्याकडे किल्ली म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा नव्हे. सासूने कमरेचा जुडगा सोडून सुनेच्या हाती दिला, की घरातले राज्य बदलले असे समजावे. त्यासाठी दवंडी पिटावी लागत नाही. कुलपाला मात्र या मानपानाशी काही कर्तव्य नसते. समोर धनी असो वा चोर, दाते जुळले की ते उघडते. न उघडले तर किल्ली बिघडली असेल किंवा कुलूप गंजले असेल, असा आपला साधा हिशेब. पण किल्ली धड, कुलूप धड, धनीही खरा, आणि तरीही दार बंद, असा प्रकार मी चाळिशी ओलांडेपर्यंत पाहिला नव्हता. तो यंदा आमच्या शाळेत पाहिला.

शाळेच्या कपाटात प्रवेशाची जुनी रजिस्टरे आहेत. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण. मी कादंबऱ्या लिहिते, पण इतक्या थोड्या शब्दांत इतकी माणसे मला कधी उभी करता आली नाहीत. गेल्या पावसाळ्यात एक वृद्ध गृहस्थ जन्मतारखेचा उतारा मागायला आले. पान सापडले, नेमकी त्यांची ओळ कसरीने खाल्लेली. ते रागावले नाहीत. टोपी सारखी केली, "बरं, बाई" म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना मी ठरवले, की पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक पानाची छबी काढून ती संस्थेच्या शहरातल्या संगणकावर सुखरूप पोचवायची.

या पाठवणीला साधी वाट चालत नाही. कोणाची जात, कोणाचा बाप, कोणाची जन्मतारीख हे काही चव्हाट्यावर वाचायचे वाङ्मय नव्हे. म्हणून एसएसएच नावाची बंद वाट वापरतात. तिचा जन्मही एका चोरीतूनच झाला. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी लोकांचे परवलीचे शब्द चोरून टिपले. तिजोरीचा आकडा पोस्टकार्डावर लिहून धाडावा, तसे ते शब्द तोवर तारेवरून उघडेच जात. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून ही वाट बांधली. पुढे १९९९ साली ओपनबीएसडीच्या मंडळींनी तिची ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती काढली. आज ठिकठिकाणी तीच चालते.

या वाटेवरच्या किल्लीची गंमत अशी, की ती जोडीने जन्मते. एक जाहीर, एक खासगी. जाहीर किल्ली गावभर वाटली तरी बिघडत नाही. खासगी मात्र कनवटीला. ती दारवानाला दाखवायचीसुद्धा नसते. तिने एक सही करून द्यायची आणि दारवानाने ती सही आपल्याजवळच्या जाहीर किल्लीशी ताडून पाहायची. आमची किल्ली आरएसए जातीची, २०४८ बिटांची. आरएसएची मूळ युक्ती १९७७ सालची, रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांची.

मे महिन्यापर्यंत निम्मी रजिस्टरे बिनबोभाट गेली. मग संस्थेने संगणक बदलला, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या पडद्यावर उत्तर आले : सर्व्हरने आपली किल्ली नाकारली. एवढेच. का, ते नाही.

माझा भाचा सुटीला आला होता. त्याचा व्यवसायच हा. त्याने पडद्याकडे पाहिले आणि हसून म्हणाला, "मावशी, किल्ली जुनी झाली तुमची. नवी करून देतो." आणि त्याने आपल्या संगणकावर एड२५५१९ जातीची कोरी किल्ली घडवलीसुद्धा. आरएसएची जाहीर किल्ली लिहायला ३७२ अक्षरे लागतात, हिची अवघ्या ६८ अक्षरांत मावते. पण ती शाळेच्या संगणकाला दिली, तर तो म्हणतो, ही मला वाचता येत नाही, फारच नवी आहे! भाच्याने किल्लीची फाईल साध्या मजकुरासारखी उघडून दाखवली. पहिल्याच ओळीत आवृत्तीचा आकडा होता : ३. पुटीच्या किल्ल्यांची ही तिसरी आवृत्ती २०२१ साली आली. आमचा फायली पाठवणारा प्रोग्रॅम त्याच्या आधीचा. त्याचे शिक्षण दोनपर्यंतच. म्हणजे जुनी किल्ली दारवानाला नको आणि नवी किल्ली आमच्या हातात बसेना.

"आता रे?" मी म्हटले.

"आता त्यांची वही बघायला हवी," तो म्हणाला. दारवान परक्याला कारण सांगत नाही. सांगितले, तर चोरालाही ते कळेल. पण आपल्या वहीत तो ते टिपून ठेवतो. संस्थेच्या कचेरीत फोन केला. तिथल्या मुलाने नोंद वाचून दाखवली, आणि सारा उलगडा झाला. किल्लीबद्दल तक्रारच नव्हती. तक्रार होती ती सही करण्याच्या रीतीबद्दल.

सही करण्याआधी मजकुराचा एक छोटा ठसा काढतात आणि सही त्या ठशावर होते. आमचा जुना प्रोग्रॅम तो एसएचए-१ या रीतीने काढी. आता अंगठ्याच्या ठशाची सारी अब्रू कशावर? तर दोघांचा ठसा एक नसतो यावर. आमच्या जुन्या प्रवेश-अर्जांवर सही न येणाऱ्या बापांचे असे कितीतरी निळे अंगठे आहेत. आणि २०१७ च्या फेब्रुवारीत गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी एसएचए-१ चा तंतोतंत एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फायली जगापुढे ठेवल्या. मग त्या अंगठ्यावर विश्वास कसा टाकायचा? ओपनएसएसएचने २०२१ च्या सप्टेंबरात, ८.८ आवृत्तीपासून, कोणी मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज असल्या सह्या घेणेच बंद केले. संस्थेचा नवा संगणक त्यानंतरचा होता.

कचेरीतला मुलगा भला होता. तो म्हणाला, "बाई, एक ओळ लिहितो. जुनी सही चालेल अशी सोय होते. पाच मिनिटांचं काम."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. बाहेर आभाळ दाटून आले होते आणि कपाटात अजून निम्मी रजिस्टरे होती. मोह झाला नाही असे म्हणवत नाही. पण ती ओळ काही माझ्या एकटीसाठी लिहिली जाणार नव्हती. त्या दाराशी जी जी जुनी सही येईल तिला ती चालू होणार होती. ज्या बापांनी अंगठा उठवून आपली पोरे आमच्या हवाली केली, त्यांची नावे आत ठेवायची आणि संशयित अंगठ्याला दार मोकळे करायचे, हे माझ्या मनाला पटेना. "नको," मी म्हटले, "दार आहे तसंच राहू दे. आपणच नीट सही करायला शिकू."

मग भाच्याने आमचा जुना प्रोग्रॅम काढून नवा बसवला. तो एसएचए-२ घराण्यातला नवा ठसा जाणणारा. आणि पहिल्यांदा हाती दिली ती जुनीच किल्ली, जिला त्याने सकाळी निकालात काढले होते ती. दार उघडले! किल्लीचा एक दाताही घासावा लागला नाही. भाचा जरा वरमला. मी त्याला चहा करून दिला.

मृगाच्या सरी आल्या तेव्हा शेवटचे रजिस्टर पोचले होते.

वर्गात मी मुलांना सांगते, उत्तर चुकले म्हणून लगेच पाटी पुसू नका. कोणती पायरी चुकली ते आधी बघा. दारांच्या बाबतीतही तेच खरे असावे. दार उघडले नाही, की कोणी किल्ली फेकून देतो, कोणी कुलूप फोडायला निघतो. फार थोडे लोक दारवानाची वही मागतात. आणि तीत पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते, की माणूस ओळखीचा आहे, किल्लीही खरी आहे. फक्त त्याने सही जुन्या चालीने केली.