विसाव्यातली दाद

मराठी वाचकाच्या मनात 'कचेरी' या शब्दाने सरकारी दफ्तर उभे राहते. तंजावरच्या तमिळ बोलीत मात्र तोच शब्द 'कच्चेरी' होऊन कर्नाटक संगीताच्या मैफलीचा वाचक झाला आहे. या कच्चेरीची रूढ बैठक चौघांची असते: मध्यभागी गायक, त्याच्या एका बाजूस व्हायोलिनवादक, दुसऱ्या बाजूस मृदंगवादक, आणि थोडे मागे घटम किंवा कंजिरा वाजवणारा उपतालवादक. घटम म्हणजे भाजलेल्या मातीचा मडक्यासारखा घट, तर कंजिरा म्हणजे पूर्वापार घोरपडीच्या कातड्याने मढवली जात आलेली, एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवायची लहान डफली. तंबोरा धरणारा पाचवा माणूस व्यासपीठावर असला तरी त्याचे काम स्वर अखंड ठेवण्याचे असल्याने संवादात त्याची गणना होत नाही. या चौघांच्या कौशल्याचे श्रोत्यांना वाटणारे कौतुक नेमके कोणत्या क्षणी प्रकट होते, आणि वाद्यावर बोटे चालू असताना ते कौतुक वादकापर्यंत कसे पोहोचते, हा मृदंगाच्या कारागिरीशी थेट जोडलेला प्रश्न आहे; कारण मृदंग शिकणाऱ्याला बोल जसे शिकावे लागतात, तसेच समोरच्या हातांकडे पाहणेही शिकावे लागते.

तंजावरला 'चौघे' म्हटले की प्रथम आठवतात ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ. तमिळमध्ये ते 'तंजै नाल्वर', म्हणजे तंजावरचे चौघे, या नावाने ओळखले जातात. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे हे शिष्य भोसले घराण्यातील सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबाराशी निगडित होते, आणि अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आज सर्वत्र पाळला जातो, तो त्यांनी बांधला असे मानले जाते. धाकट्या वडिवेलूंनी व्हायोलिन हे परदेशी वाद्य इतके आत्मसात केले की पुढे त्रावणकोरचे स्वाती तिरुनाळ यांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. त्याच दरबारात पाश्चात्त्य पद्धतीचे वाद्यवृंदही वाजत असत. तेव्हा निरनिराळ्या मुलखांतून आलेली वाद्ये एका बैठकीत बसवून ती ऐकण्याची सवय या गावाला दोनशे वर्षांची आहे. येथील जुना रसिक आजही आनंदाच्या भरात 'सबाश' आणि 'बले' असे उद्गार काढतो, आणि 'शाबास' व 'भले' हे शब्द लहानपणापासून ऐकलेल्या मराठी कानाला त्या क्षणी भाषेचे अंतर जाणवत नाही.

उद्गार मात्र उशिरा येतो. त्याआधी हात बोलतो. कर्नाटक संगीतात ताल मोजण्याचे काम ठेक्याकडे नसते. हिंदुस्तानी मैफलीत तबलजी ठरलेला ठेका धरतो आणि त्या ठेक्याच्या बोलांवरून ऐकणाऱ्याला आपण आवर्तनात कोठे आहोत हे कळत राहते. कच्चेरीत असा बांधलेला ठेका नसून ताल हाताच्या क्रियांनी दाखवला जातो. आदि तालाच्या आठ अक्षरांसाठी प्रथम मांडीवर टाळी, मग करंगळी, अनामिका आणि मधले बोट, त्यानंतर टाळी व उलटा हात, आणि पुन्हा टाळी व उलटा हात, असा क्रम असतो. गायक हा क्रम उघडपणे चालवतो आणि श्रोत्यांपैकी अनेकजण तोच क्रम आपल्या मांडीवर चालवतात. त्यामुळे मृदंगवादकाला मोकळीक मिळते: ताल सांगण्याची जबाबदारी इतरांच्या हातांवर असल्याने तो तालापासून दूर जाऊ शकतो, त्याला छेद देऊ शकतो, आणि परत येण्याची वाट ऐकणाऱ्यांना दिसेल इतकी आखू शकतो. समोरच्या रांगेतील हात थांबले, तर ही मोकळीकही आटते. हे ज्याने वाजवले नाही त्याला अतिशयोक्ती वाटेल, पण वादकाच्या दृष्टीने ती साधी व्यावहारिक गोष्ट आहे.

हे 'दूर जाणे आणि परत येणे' सर्वांत स्पष्ट दिसते ते 'तनी आवर्तनम'मध्ये. मुख्य रचना संपत आली की गायक आणि व्हायोलिनवादक थांबतात आणि तालवादकांना स्वतंत्र वादनासाठी जागा देतात. 'तनी' म्हणजे एकट्याचे. या वादनाचा शेवट 'कोर्वै' नावाच्या रचनेने होतो. कोर्वै म्हणजे ओवलेली माळ. मराठी वाचकाला ती तिहाईची थोरली बहीण म्हणून ओळखता येईल, कारण तिच्या अखेरीस एकच बोलसमूह तीनदा येतो. आदि तालाच्या प्रत्येक अक्षराचे चार भाग केले की एका आवर्तनात ३२ मात्रा होतात. ३२ ला तीनने भाग जात नाही, आणि सगळे सौंदर्य या न जाणाऱ्या भागात आहे. दहा मात्रांचा बोलसमूह तीनदा घेतला तर तीस मात्रा होतात. उरलेल्या दोन मात्रा तीन बोलसमूहांच्या मधल्या दोन जागांत एकेक वाटून दिल्या, की समेवरून निघालेली रचना बरोबर पुढच्या समेवर उतरते. या मधल्या विसाव्याला 'कार्वै' म्हणतात. तिथे हात वाद्यावर असतो पण नवा आघात नसतो, आणि आधीच्या आघाताचा नाद तेवढा मोजत राहायचा असतो.

आता कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार त्यागराज यांच्या अनेक कृतींचा प्रारंभ समेवर होत नाही. सम गेल्यानंतर दीड अक्षराने, म्हणजे सहा मात्रांनी, साहित्याचा पहिला शब्द पडतो. या प्रारंभस्थानाला 'एडुप्पु' म्हणतात. तनी संपल्यावर गायकाला तीच ओळ उचलायची असते, म्हणून कोर्वैही समेवर न थांबता एडुप्पूवर येऊन टेकावी लागते. ३२ मध्ये ६ मिळवून ३८ मात्रांचा हिशेब जुळवायचा, तर दहा मात्रांचा बोलसमूह बदलण्याची गरज नाही. विसावा मात्र एका मात्रेऐवजी चार मात्रांचा करायचा. तीस आणि आठ मिळून ३८ होतात. बोल तेच, वेग तोच, आघात तेच. बदलली ती केवळ शांततेची लांबी.

येथे जाणत्या श्रोत्याचे कौतुक कोणत्या क्षणी जन्माला येते हे पाहण्यासारखे आहे. पहिला बोलसमूह संपतो आणि अपेक्षित एका मात्रेनंतर दुसरा सुरू होत नाही, तेव्हा मांडीवरचा हात पुढे सरकत असतानाच श्रोत्याच्या लक्षात येते की विसावा लांबवला आहे. दुसरा बोलसमूह सुरू होताच त्याला विसाव्याचे माप कळते. आणि दुसऱ्या विसाव्यात, म्हणजे उतरण्याच्या बरेच आधी, त्याला उतरण्याची जागा दिसते. त्याची मान त्या विसाव्यात हलते. तिसरा बोलसमूह तो वादकाबरोबर चालून जातो आणि एडुप्पूवर दोघांचे हात एकत्र पडतात. टाळ्यांचा कडकडाट त्यानंतर होतो, आणि तो खराही असतो, परंतु मृदंगवादकाला जी दाद वर्षानुवर्षे आठवते ती दुसऱ्या विसाव्यातली, आवाज नसलेली दाद होय. तिच्यात आश्चर्य कमी आणि विश्वास अधिक असतो: हा माणूस कोठे निघाला आहे हे समजले, आणि तो तेथे पोहोचेल याची खात्री आहे.

जॅझ ऐकणाऱ्यांना हा अनुभव परका वाटणार नाही. तेथेही चौघांची बैठक रूढ आहे, आणि अनेक लोकप्रिय रचनांचा साचा ३२ मापांचा असल्याने ड्रमवादक एकटा वाजवत असताना उरलेले तिघे आणि सरावलेले श्रोते तो साचा मनात चालवत असतात. ड्रमवादक आणि इतर वादक आठ-आठ, चार-चार, मग दोन-दोन मापे आळीपाळीने घेतात, ती पद्धत कर्नाटक संगीतातील 'कुरैप्पु'ला, म्हणजे मृदंग आणि घटम यांनी एकमेकांना उत्तर देत वाटा क्रमाने निम्मा करत नेण्याच्या रीतीला, आश्चर्यकारक रीतीने जवळ आहे. अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांची चौकडी १९५८ मध्ये भारतात आली, तेव्हा मुंबईत ब्रुबेक आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांची भेट झाली. पुढच्याच वर्षी या चौकडीने पॉल डेस्मंड यांची 'टेक फाइव्ह' ही पाच मात्रांची रचना ध्वनिमुद्रित केली, आणि पाच मात्रा जॅझच्या बहुसंख्य श्रोत्यांना नव्या वाटल्या. तंजावरच्या श्रोत्याला पाचाचे नवल नाही, कारण खंड चापू हा पाचाचाच ताल त्याने लहानपणापासून मांडीवर मोजलेला असतो. फरक राहतो तो दाद देण्याच्या वेळेत. जॅझच्या बैठकीत एकेका वादकाचे स्वतंत्र वादन संपले की टाळी पडते, तर कावेरीकाठी वादन चालू असतानाच दाद मानेतून आणि बोटांतून वाहत राहते. यातली कोणती रीत श्रेष्ठ हे ठरवण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्या रीतीत वादकाला आपला पुढचा विचार श्रोत्याच्या प्रतिसादावर तोलून पाहता येतो, हा लाभ लहान नाही.

चमत्कृतीच्या या चर्चेत एक मोठी गोष्ट झाकली जाते. अडीच-तीन तासांच्या कच्चेरीत तनी आवर्तनम फार तर पंधरा-वीस मिनिटांचे असते. उरलेला सारा वेळ मृदंगवादक 'सर्वलघु' वाजवत असतो, म्हणजे हिशेबाचे प्रदर्शन न करता गाण्याच्या चालीला अंगाबरोबर बसणारा सरळ, वाहता नाद देत असतो. ओळीच्या कोणत्या शब्दावर डाव्या तोंडाचा घुमारा उचलायचा, कोठे हात हलका करून शब्द ऐकू द्यायचा, आणि व्हायोलिनवादक गायकाच्या मागोमाग निमिषभर अंतराने तीच जागा घेत असताना मध्ये कोठे थांबायचे, हे ज्याला साधते त्याच्या साथीवर टाळी पडत नाही, कारण तिकडे वेगळे लक्षच जात नाही. गाणेच अधिक चांगले वाटू लागते. या साथीच्या परंपरेत मराठी धागा आहे. मृदंगाच्या तंजावर बाणीच्या, म्हणजे वादनशैलीच्या, आरंभाशी मराठीभाषक वादक नारायणस्वामी अप्पा यांचे नाव आदराने जोडले जाते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून येणाऱ्या कीर्तनकारांमुळे येथे साकी, दिंडी, ओवी आणि अभंग रुळले, आणि तंजावूर कृष्ण भागवतर यांनी त्या कीर्तनाच्या धर्तीवर तमिळ देशातील हरिकथेला घडवले. ज्या साथीदाराला कथेतील रडू, युद्ध आणि नामघोष एकाच रात्री सांभाळावे लागतात, त्याचा हात शब्दाकडे लक्ष देणारा होतो, आणि तंजावर बाणीची जी कोमलता नावाजली जाते तिचे मूळ याच शब्दनिष्ठेत शोधणे सयुक्तिक वाटते.

वाद्याची घडणही याला अनुकूल आहे. मृदंगाचे खोड फणसाच्या लाकडाचे असते. उजव्या तोंडावर काळी शाई कायमची बसवलेली असते, तर डाव्या तोंडावर पखवाजाला जशी कणीक लावतात तसा ओल्या रव्याचा गोळा दर कार्यक्रमापूर्वी थापावा लागतो. रवा सुकत जातो तसा घुमारा बदलतो, म्हणून वादकाला संध्याकाळभर पाण्याच्या बोटाने त्याची काळजी घ्यावी लागते. हे बारीक बदल पूर्वी पहिल्या काही रांगांना थेट ऐकू येत. पालघाट मणी अय्यर (१९१२ ते १९८१), जे तंजावूर वैद्यनाथ अय्यर यांचे शिष्य होते, त्यांनी मैफलीतील ध्वनिवर्धकाला आग्रहाने विरोध केला होता. त्या विरोधात नादाच्या शुद्धतेचा मुद्दा होताच. त्याचबरोबर हेही खरे आहे की ध्वनिवर्धकाने व्यासपीठाचा आवाज सभागृहभर नेला, पण सभागृहाचा हलका हुंकार व्यासपीठापर्यंत आणणारे कोणतेही यंत्र बसवले नाही.

तंजावरच्या श्रोत्याचे शिक्षण सभागृहात झालेच नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. ते देवळाच्या रथवीथीवर झाले. उत्सवाच्या मिरवणुकीत दोन नादस्वरम (सनईच्या जातीचे फुंकून वाजवायचे वाद्य) आणि दोन तविल (काठीने आणि बोटांवरच्या कडक टोप्यांनी वाजवायचा ढोल) अशा चौघांचा मेळ रात्रभर वाजत चाले, आणि लोक त्याच्यामागे चौकाचौकात थांबत पहाटेपर्यंत फिरत. टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांचा नादस्वरम आणि नीडामंगलम मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांचा तविल या प्रदेशाने असाच ऐकला. तिकीट नसलेल्या, खुर्ची नसलेल्या त्या श्रवणात सुताराला, शेतमजुराला आणि दुकानदाराला हिशेब उमजत असे, कारण तो त्यांच्या पायांत भिनलेला असे. आज मोठ्या शहरांतील सभांमध्ये तनी आवर्तनम सुरू होताच उठून जाणारे श्रोते दिसतात, आणि जो भाग सर्वांत अधिक हातांची अपेक्षा करतो त्याच वेळी हात कमी होतात. ही खेदाची गोष्ट आहे आणि ती स्पष्टपणे बोलून दाखवायला हवी. दरवर्षी पौष वद्य पंचमीच्या आसपास तंजावरपासून थोड्याच अंतरावरील तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेसाठी जे वाळूवर, चटईवर बसतात, त्यांच्यात मात्र अजूनही मांडीवर टाळी आणि बोटांचा क्रम न चुकवणारे पुष्कळ सापडतात.

अशा एखाद्या कार्यक्रमानंतर मृदंगवादक व्यासपीठावरच बसून डाव्या तोंडावरचा सुकलेला रवा बोथट पात्याने हळूहळू खरवडत असतो. गायकाभोवती हार आणि नमस्कारांची गर्दी असते. त्या गर्दीला वळसा घालून एखादा म्हातारा रसिक मृदंगाशी येऊन उभा राहतो. तो 'छान झाले' असे म्हणत नाही, तर दहा मात्रांचा तो बोल तोंडाने म्हणतो, थांबतो, अंगठा बोटांच्या पेरांवरून चार वेळा सरकवतो, आणि वादक मान हलवून होकार देईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहतो.