देनिसचा दिनेश न करणारा माणूस

जोह्यातल्या पोरांना परदेश आधी दिसतो तो खोक्यांवर. पेण तालुक्यातलं आमचं गाव गणपतींचं. बाहेरदेशी जाणाऱ्या मूर्ती सणाच्या कितीतरी महिने आधी निघतात. खोक्यावर अमेरिका लिहिलेलं असायचं, मॉरिशस असायचं. तिथली पोरं काय खातात, कशावरून मार खातात, हे कुठल्याच खोक्यावर नसायचं.

ते कळलं काकांच्या ट्रंकेतल्या ‘देनिसच्या गोष्टी’मधून. मूळ लेखक व्हिक्टर द्रागून्स्की, मराठी अनिल हवालदारांचं. मॉस्कोतला देनिस नावडती रव्याची लापशी खिडकीबाहेर ओततो आणि ती खालून चाललेल्या माणसाच्या हॅटवर पडते! मी हे कारखान्यात मोठ्यानं वाचलं तेव्हा डोळ्यांची आखणी करणाऱ्या काकांनी ब्रश बाजूला ठेवला. हसताना हात हलला तर मूर्ती गेली.

हवालदार मॉस्कोत राहून रशियनमधून मराठी करत. पुस्तकं तिकडेच छापली जात, इथे लोकवाङ्मय गृहातून अगदी स्वस्तात मिळत. १९९१मध्ये सोव्हिएत संघ संपला, हा ओघही आटला.

ऑफिसात मी मराठी मित्रांना विचारलं. हवालदार हे नाव कुणीच ऐकलं नव्हतं. आमच्या धंद्यात कोडची एकेक ओळ कुणी लिहिली याची नोंद राहते, म्हणून हे जास्त खटकलं.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. त्यांनी देनिसचा दिनेश केला नाही. पोरांना परकं नाव झेपेल, एवढा विश्वास त्यांना होता. आता ट्रंकेतल्या प्रतीचं मुखपृष्ठ वाळवीनं नेलंय. अनुवादकाचं नाव आतल्या पानावर, बारीक अक्षरात, अजून शाबूत आहे.