उत्तराची तयारी

परदेशप्रवासाचा बेत ठरला, की पारपत्र, प्रवेशपरवाना, परकीय चलन आणि विम्याचे दस्तऐवज यांची तजवीज मनुष्य ज्या दक्षतेने करतो, त्या दक्षतेने तो जाणार त्या मुलखातील भाषेची चार वाक्ये पदरी बांधून घेत नाही, याचे मला वैषम्य वाटते. जर्मनीत इंग्रजीवर निभावते, अशी ग्वाही देणारे पुष्कळ भेटतात, आणि बर्लिन-फ्रँकफर्टपुरती ती बव्हंशी खरीही आहे. परंतु पावाच्या लहानशा दुकानात शिरतानासुद्धा जेथे ‘गूटन टाक’ म्हणण्याचा आणि बाहेर पडताना ‘आउफ वीडरझेन’ म्हणून निरोप घेण्याचा शिरस्ता आहे, तेथे मुकाट्याने जिन्नस दाखवून पैसे पुढे करणे मला अतिथिधर्मास सोडून वाटते.

तथापि माझा खरा आग्रह निराळाच आहे. प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तिका प्रश्न विचारायला शिकवतात, उत्तर ऐकायला शिकवत नाहीत. आणि आपण प्रश्न शुद्ध उच्चारात विचारला, की समोरचा सद्गृहस्थ आपल्याला भाषा अवगत आहे असे समजून नित्याच्या वेगाने बोलू लागतो. म्हणून आरंभ अंकांपासून आणि घड्याळापासून करावा. कारण किंमत, फलाट, वेळ, घरक्रमांक, ज्या ज्या उत्तरांवाचून प्रवाशाचे अडते, ती बहुतेक अंकांचीच असतात. येथे मराठी माणसाला एक वारसा आयता लाभलेला आहे. ‘आइन-उन्ट-त्स्वान्त्सिष’, म्हणजे एक आणि वीस, ही रचना इंग्रजी वळणाच्या मनाला उफराटी वाटते. एकवीस, बावीस, पंचवीस म्हणत वाढलेल्या आपल्याला ती घरचीच वाटावी. नामांची तीन लिंगेही आपल्याला नवी नाहीत, मात्र ती ज्याची त्याची पाठ करावी लागतात: आपली खिडकी ‘ती’, तर त्यांची ‘ते’, आपले दार ‘ते’, तर त्यांचे ‘ती’.

घड्याळाच्या बाबतीत मात्र हाच मराठी कान दगा देतो. रेल्वेच्या वेळापत्रकात चोवीस तासांची गणना असल्यामुळे तेथे संदेह उरत नाही, पण रविवारी दुपारी केक-कॉफीला बोलावणारी शेजारीण ‘हाल्प फिअर’ म्हणाली, तर त्या ‘अर्ध्या चारा’चा अर्थ साडेचार नव्हे, साडेतीन, चौथा तास अर्धा सरला, असा तो हिशेब आहे. पुण्यामुंबईहून मुलांकडे स्टुटगार्ट-म्युनिकला जाऊन दोन-तीन महिने राहणाऱ्या आईवडिलांना हे कुणीतरी आधी सांगायला हवे, कारण त्या देशात ठरल्या वेळेची बूज फार राखतात.

याउपर दोनच वाक्ये सदैव जिभेवर असावीत: ‘नॉख आइनमाल, बिट्टे’, कृपया पुन्हा एकदा, आणि ‘लांगझामर, बिट्टे’, जरा सावकाश. ही ऐकताच बोलणारा बहुधा थांबतो, शब्द सुटे करतो, प्रसंगी बोटांनी अंक दाखवतो किंवा कागदावर वेळ लिहून देतो, आणि मग त्याचे उत्तर आपल्यापर्यंत खरोखर पोहोचते.