चार चाकांची फळी

मराठी घरांत दिवसातून सर्वांत अधिक वेळा कोणता शब्द उच्चारला जातो, असे कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही बिनदिक्कत ‘पडशील’ हा शब्द सांगू. मूल पाळण्यातून उतरले की हा शब्द त्याच्या पाठीस लागतो. बडोद्यात आमच्या घराण्याची ही पाचवी पिढी. एवढ्या काळात आमच्या बोलण्यात कितीतरी गुजराती शब्द येऊन घरच्यासारखे राहिले. परंतु हा एक शब्द मात्र आम्ही अस्सल मराठीतच जपला आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या घरी या शब्दास फारच धार चढली. सौभाग्यवती ओल्या गच्चीवर घसरल्या. पडताना माणूस जे करतो तेच त्यांनी केले : तोल सावरण्यासाठी उजवा हात जमिनीवर टेकला. साऱ्या देहाचा भार त्या एका मनगटावर आला आणि हाड मोडले. प्लास्टर यथावकाश निघाले. मनगट मात्र पूर्वीसारखे वळेना. पुरणपोळी लाटण्याचे काम तेव्हापासून सूनबाईंकडे गेले. हा सारा प्रसंग आमच्या चार वर्षांच्या नातीने गच्चीच्या दारात उभे राहून पाहिला होता. पुढे ती जिना उतरताना भिंत धरू लागली. मुले पळू लागली की ही मागे उभी राहून त्यांच्या चपला सांभाळी. ‘किती शहाणी मुलगी!’ असे येणारे-जाणारे म्हणत. आम्हांस मात्र त्या शहाणपणाची चिंता वाटू लागली होती.

म्हणूनच सहावे वर्ष पूर्ण होताना या मुलीने वाढदिवसाला स्केटबोर्ड मागितला, तेव्हा आम्ही थक्क झालो. आमच्या सोसायटीत एक थोरला मुलगा संध्याकाळी त्या फळीवरून फिरतो. त्याला ही रोज कठड्याआडून न्याहाळत असे. “पडशील हं,” आम्ही सवयीने म्हणालो. “माहीत आहे,” ती म्हणाली, “पण तो पडतो आणि परत उठतो.”

घरात अर्थातच दोन पक्ष पडले. “बाबा, आईंच्या हाताचं एवढं होऊनही?” हा सूनबाईंचा प्रश्न. त्यात राग नव्हता, काळजी होती. शिवाय ते सहा आठवडे सासूबाईंची वेणीफणी त्यांनीच केली होती. एका स्नेह्यांनी निराळाच आक्षेप घेतला : हा खेळ आपला नव्हे, आणि मुलींचा तर नव्हेच.

या दुसऱ्या आक्षेपास उत्तर देणे सोपे होते. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला, आणि तेथे महिलांच्या ‘स्ट्रीट’ प्रकारात सुवर्णपदक मिळविणारी जपानची मोमिजी निशिया अवघी तेरा वर्षांची होती. इतक्या दूर कशाला जावे? मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे लहानसे खेडे आहे. उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी तेथे २०१५ साली स्केटबोर्डसाठी काँक्रीटचे मैदान उभे केले. तेथील नियम दोनच : शाळा नाही तर फळी नाही, आणि मुलींना पहिला मान. पुढे २०२२ साली गुजरातेत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा याच खेळात महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्णपदक पटकाविले. खेळ कोणाचा, हे तो खेळणाराच ठरवितो.

तसे पाहता फळीस चाके लावून तीवर स्वार होण्याची कल्पना आमच्या पिढीसही परकी नाही. साठीच्या दशकात आम्ही मुले गॅरेजमधून टाकाऊ बेअरिंगे मागून आणीत असू. पुढे एक, मागे दोन अशी ती फळीस ठोकली की गाडी तयार. तिच्या खडखडाटाने दुपारची वामकुक्षी मोडलेली वडीलमंडळी हातात छडी घेऊनच बाहेर येत. तिकडे कॅलिफोर्नियात, लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांनी त्याआधीच फळीस रोलर-स्केटची चाके जोडली होती. त्यांची ती चाके प्रथम धातूची आणि मग भाजलेल्या मातीसारख्या कठीण द्रव्याची असत. वाटेत एक खडा आला की चाक जागीच अडे आणि स्वार पुढे फेकला जाई. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने पॉलियुरेथेनची चाके प्रचारात आणली. ती रस्ता धरून ठेवीत आणि लहानसहान खडे पोटात घेऊन पुढे जात. या खेळाचे भाग्य खरे पालटले ते तेव्हा.

पहिला आक्षेप मात्र असा बोलून मिटणारा नव्हता. सौभाग्यवती दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा पेला डाव्या हाताने पुढे करीत म्हणाल्या, “मनगटाला बांधायचं काही मिळत असेल तर ते आधी आणा. ते मिळालं तर फळी, नाहीतर नाही.” अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्थाही पाच वर्षांखालील मुलांस स्केटबोर्ड देऊ नये आणि सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर मोठ्यांनी जवळून लक्ष ठेवावे, असे सांगते. वय बसत होते. लक्ष ठेवण्यास निवृत्त आजोबा उपलब्ध होते. सूनबाईंनी मान हलविली.

खरेदीस आम्ही तिघे गेलो : आम्ही, सूनबाई आणि उत्सवमूर्ती. पहिल्या दुकानात रंगीबेरंगी प्लास्टिकची फळी पुढे आली. “काका, चालशे,” दुकानदार म्हणाला. आम्ही ती उलटी करून चाकास बोटाने टिचकी मारली. दोन फेरे घेऊन ते थांबले. चाक कडक प्लास्टिकचे, खालचा सांगाडाही प्लास्टिकचा. अशी वस्तू धड घसरत नाही आणि धड वळतही नाही. मूल मग स्वतःलाच अनाडी समजून खेळ सोडून देते, आणि फळी माळ्यावर जाते. स्वस्ताईचा हा तोटा कोठल्याही पावतीवर लिहिलेला नसतो.

दुसऱ्या दुकानात मनाजोगती फळी मिळाली. ज्यांच्या घरी ही मागणी येऊ घातली असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी नमूद करतो. फळी लाकडी असावी. मेपलचे सात पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली उत्तम. सहा-सात वर्षांच्या मुलास सव्वासात ते साडेसात इंच रुंदीची फळी पुरते. मोठेपणी उपयोगी पडेल म्हणून थोराड फळी घेणे म्हणजे मोठ्या मापाचे बूट घालून शर्यतीत धावणे होय. फळीखाली चाके धरणारा जो सांगाडा असतो त्यास ‘ट्रक’ म्हणतात. तो धातूचा हवा, आणि त्यातील लवचिक चकत्या मुलाच्या अल्प वजनानेही दबावयास हव्यात, नाहीतर फळी वळत नाही. चाकाचा कठीणपणा आकड्याने दाखवितात. गुळगुळीत मैदानावर ९९ च्या आसपासची कठीण चाके चालतात. आपल्या सोसायट्यांतील ठोकळ्यांच्या फरशीवर ७८ ते ८७ ची नरम चाकेच बरी. फळीच्या पाठीवर काचकागदासारखा खरखरीत थर असतो, तो कडेपर्यंत नीट चिकटलेला आहे ना, हेही पाहावे.

मग शिरस्त्राण. सायकलचे शिरस्त्राण बहुधा एका मोठ्या आघातासाठी बनविलेले असते. स्केटबोर्डचे डोक्याची मागील बाजू अधिक झाकते आणि लहानमोठे अनेक आघात सोसते. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर आडवे बसावे, मागे कलू नये. त्यानंतर कोपर आणि गुडघ्यांचे पट्टे, आणि ज्यासाठी आम्हांस घरून ताकीद होती ते मनगटाचे पट्टे, आत कडक पट्टी असलेले. सारे मिळून फळीपेक्षा थोडे महागच पडले. सूनबाईंनी प्रत्येक पट्टा नातीच्या हाताला लावून, ओढून, पुन्हा लावून पाहिला. दुकानदाराचा चहा त्या गडबडीत निवून गेला.

आमच्या बडोद्यास व्यायामशाळांची थोर परंपरा आहे. प्रा. माणिकरावांचे नाव ज्याच्याशी जोडले गेले आहे, ते जुम्मादादा व्यायाममंदिर येथलेच. आखाड्यातील माती भुसभुशीत करून तीत तेल, ताक, हळद का मिसळीत? पोरगा त्या मातीवर पडणार हे गृहीत धरलेले असे. तेथे ‘पडशील’ असे कोणी म्हणत नसे. कसे पडावे ते शिकवीत. आमचे शिक्षणही तेथूनच सुरू झाले. पहिले चार दिवस फळीस हात नाही. जुन्या गादीवर गुडघे वाकवून खाली बसायचे, अंग गोळा करायचे आणि खांद्यावरून लोळायचे. हात ताठ करून टेकायचा नाही. हा धडा सौभाग्यवतींनी स्वतः खुर्चीत बसून दिला; त्यासाठी लागणारा अनुभव घरात अन्य कोणापाशी नव्हता.

पाचव्या दिवशी फळी जाड सतरंजीवर ठेवली, म्हणजे चाके फिरत नाहीत आणि तोल तेवढा कळतो. नातीचा डावा पाय आपोआप पुढे आला; कित्येकांचा उजवा येतो आणि त्यातही काही वावगे नाही. आठवड्याने आम्ही सोसायटीच्या आवारात उतरलो. सूनबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, मग एक, मग एक बोट. बोट सुटले. फळी तीन-चार हात गेली, चाकाखाली काहीतरी आले आणि मुलगी पडली.

आम्ही तिघेही उठलो होतो. सौभाग्यवतींनी डावा हात आडवा करून आम्हांस थांबविले. नात क्षणभर तशीच पडून राहिली. मग तिने दोन्ही मनगटे डोळ्यांसमोर धरली, उलटसुलट फिरवून पाहिली आणि वर न बघताच म्हणाली, “आजी, हात नाही टेकला.” सौभाग्यवती म्हणाल्या, “पाहिलं मी. आता पाय मागे घे आणि पुन्हा चढ.” एवढे बोलताना त्यांनी आपले उजवे मनगट डाव्या हाताने घट्ट धरून ठेवले होते, हे आम्हांस तेवढे दिसले.

या गोष्टीस चार महिने झाले. नात काही मोठी खेळाडू झालेली नाही. आवाराच्या फाटकापासून कडुनिंबापर्यंत ती न उतरता जाते आणि तेथे पायाने थांबते. जिन्यावर भिंत धरण्याची सवय केव्हा सुटली, हे कोणाच्याच ध्यानात नाही. दर रविवारी आम्ही दोघे फळी उलटी करून चाकांचे नट तपासतो आणि चाकांत अडकलेले केस नि दोरे काढतो. तिला हे काम स्वार होण्याइतकेच आवडते.

ज्यांच्या घरी अशी मागणी येईल त्यांस आमचे एवढेच सांगणे की, किंमत विचारण्याआधी संध्याकाळचा एक तास कोणापाशी मोकळा आहे ते घरात विचारावे. मूल पडेल तेव्हा तेथे कोणीतरी हजर असावयास हवे, आणि त्याने लगेच धावून जाता कामा नये. हे दुसरे आम्हांस अद्याप पुरते साधलेले नाही. सौभाग्यवतींचा हात अधूनमधून आडवा करावाच लागतो.